घुणाक्षर आणि उलटे फिरलेले यंत्र

संस्कृत परंपरेत अकल्पित घटनांसाठी दोन न्याय सांगितले जातात. काकतालीय न्यायात कावळा येऊन बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडते. घुणाक्षर न्यायात लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेतून एखादे अक्षर उमटते. मराठीत आपण दोन्हींना ‘योगायोग’ म्हणून मोकळे होतो. पण त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहिल्या योगायोगाला साक्षीदार असो वा नसो, फळ पडतेच. दुसऱ्याला मात्र साक्षर मनुष्य लागतो. लिपी जाणणारा कोणी तेथे नसेल, तर ते केवळ कीड लागलेले लाकूड असते. शोधांच्या इतिहासातील ‘अपघात’ वाचताना आपण हा भेद बहुधा विसरतो. चुकून उलटी चाललेली यंत्रे तो पुन्हा ध्यानात आणून देतात.

यंत्राची दिशा ही त्याच्या स्वभावातच असते, असा आपला समज असतो. साधे टू-स्ट्रोक इंजिन हा समज खोटा ठरवते. त्यात दट्ट्या वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि झाकतो. या हालचालीत उलट-सुलट असे काही नसते. ठिणगी पडते ती दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्याच्या किंचित आधी. वेग पुरेसा असेल तर दट्ट्या ते टोक ओलांडतो. इंजिन मंदावले असेल, तर स्फोट त्याला आल्या वाटेने परत ढकलतो, आणि तेच इंजिन उलट्या दिशेने चालू लागते. जुन्या डिझेल इंजिनांत तर ठिणगीचाही प्रश्न नाही. चढावर पुढच्या गिअरमध्ये असलेले वाहन मागे घसरले, तर चाकेच इंजिनाला उलटे फिरवतात आणि क्वचित ते तसेच चालू राहते. मग सायलेन्सरमधून हवा आत ओढली जाते, एअर फिल्टरमधून धूर बाहेर पडतो. तेलाचा पंपही उलटा फिरत असल्याने वंगण पोचत नाही, आणि वेळीच बंद न केल्यास इंजिन निकामी होते.

एकासाठी जो बिघाड, तोच दुसऱ्यासाठी सोय ठरू शकतो. जर्मनीत मॅनहाइम येथील लांझ कंपनीने 1921 मध्ये फ्रिट्झ हुबर याने रचलेला ‘बुलडॉग’ ट्रॅक्टर बाजारात आणला. त्या पहिल्या बुलडॉगला मागे जाण्याचा गिअरच नव्हता. चालक इंजिन थांबण्याच्या बेतात येईपर्यंत मंद करी आणि नेमक्या क्षणी पुन्हा इंधन देई. दट्ट्या माघारी उसळे आणि ट्रॅक्टर मागे चालू लागे. 1955 च्या मेसरश्मिट केआर-200 या तीनचाकी गाडीत हीच युक्ती अधिक सफाईने आली. इंजिन बंद करून उलटे सुरू करायचे, की पुढे जाण्याचे चारही गिअर मागे जाण्यासाठी उपलब्ध! येथे घुणाक्षर वाचले गेले होते, इतकेच नव्हे, तर ते जाणीवपूर्वक लिहिलेही गेले होते.

पण उलटणे केवळ दिशेचे नसते. यंत्राचे कार्यही उलटू शकते. त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा 1873 च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनातली आहे. झेनोब ग्राम याची वीज निर्माण करणारी यंत्रे तेथे मांडली होती. दंतकथा अशी, की एका कामगाराने चालू यंत्राच्या तारा चुकून दुसऱ्या, स्थिर यंत्राला जोडल्या. वीज निर्माण करण्यासाठी बनवलेले ते दुसरे यंत्र वीज घेऊन आपोआप फिरू लागले, आणि विद्युत मोटारीचे युग सुरू झाले.

ग्रामचा सहकारी इपोलित फोंतेन याने सांगितलेली हकिगत वेगळी आहे. एक यंत्र मोटार म्हणून चालवून दाखवण्याचे आधीच ठरले होते. त्यासाठी योजलेली बॅटरी पुरी पडेना, तेव्हा त्याने दुसऱ्या यंत्राची वीज लांब तारेने आणून पंप चालवला. म्हणजे चूक नव्हे, अडचणीतून काढलेली वाट. त्याहीमागे जावे, तर इटलीतील आंतोनियो पाचिनोत्ती याने 1860 च्या सुमारास तशाच कड्याच्या आकाराचे यंत्र घडवले होते, आणि ते दोन्ही प्रकारे चालते हे 1860 च्याच दशकात छापूनही प्रसिद्ध केले होते. त्याच्या कितीतरी आधी, 1830 च्या दशकात, सेंट पीटर्सबर्गमध्ये एमिल लेंझ याने या उलटसुलटपणामागील तत्त्व मांडले होते. व्हिएन्नात अक्षर उमटले तेव्हा लिपी चाळीस वर्षांची झाली होती.

तरीही पाठ टिकतो तो कामगाराच्या चुकीचाच. का? कथेला एक क्षण लागतो, आणि चाळीस वर्षांच्या अभ्यासाला असा क्षण नसतो. मला अधिक खटकते ती दुसरी गोष्ट. या कथेत कामगाराला स्थान मिळते ते केवळ चूक करण्यापुरते. त्याला नाव नाही आणि बुद्धीही नाही. घुणाक्षरातल्या किड्याची भूमिका त्याच्या वाट्याला येते. एकाच गोष्टीने असे दोघांचे श्रेय जाते: आधी विचार केलेल्या पाचिनोत्तीचे, आणि हाताने काम करणाऱ्या त्या अनामिकाचे. वर्गात ही आख्यायिका रंगवून सांगताना आपण नेमके काय शिकवतो, हे एकदा तपासायला हवे.

2007 पासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आलेल्या थ्री-फेज लोकलगाड्या ब्रेक लागताना आपल्या मोटारींना जनित्र बनवतात आणि वीज वरच्या तारेत परत पाठवतात. रोज लाखो प्रवासी त्या उलटण्यावर स्वार असतात. त्याला कोणी अपघात म्हणत नाही, कारण आता ते अक्षर सर्वांना वाचता येते.