औषधजन्य ल्युपस

काही औषधे दीर्घकाल घेतल्यामुळे उद्‌भवणाऱ्या आणि सार्वदेहिक ल्युपस या रोगाशी साम्य असणाऱ्या विकाराला ही संज्ञा देतात. शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध कार्य करू लागण्यास बाह्य कारण पुरेसे ठरू शकते, हे या विकारामुळे ठळकपणे दिसून आले.

शरीर स्वतःवर असा आघात टाळते, असे मत पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज व त्यांचे सहकारी यांनी ल्युपसच्या रुग्णांत वैशिष्ट्यपूर्ण ‘एलई कोशिका’ शोधून काढल्या. पुढे हायड्रालाझीन हे रक्तदाब उतरविणारे औषध प्रचारात आले. तीव्र रक्तदाबवाढीवर त्या काळी उपाय थोडेच असल्यामुळे ते मोठ्या मात्रेत दिले जाई. १९५३-५४ मध्ये अशा काही रुग्णांत ताप, सांधेदुखी व परिफुप्फुसाचा दाह ही लक्षणे आढळली. काहींच्या रक्तात एलई कोशिकाही मिळाल्या. औषध बंद केल्यावर विकार बहुधा ओसरे. परंतु मूळचा रक्तदाब पुन्हा बळावण्याची भीती असे. हृदयस्पंदनाच्या अनियमिततेवरील प्रोकेनामाइड या औषधाचाही असाच परिणाम १९६२ मध्ये नोंदविला गेला.

हे औषध घेणाऱ्या सर्वांनाच विकार का जडत नाही, याचा उलगडा अंशतः आनुवंशिकतेतून झाला. यकृतातील ॲसिटिलीकरणाने या औषधांचा निचरा होतो. ही क्रिया जन्मतः मंद असणाऱ्यांत विकार अधिक आढळतो. मात्रेचाही संबंध आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत तीन वर्षांतील विकाराचे प्रमाण रोज २०० मिग्रॅ. घेणाऱ्यांत १०·४ टक्के व १०० मिग्रॅ. घेणाऱ्यांत ५·४ टक्के होते, ५० मिग्रॅ. घेणाऱ्यांत तो आढळला नाही.

या रुग्णांत प्रामुख्याने केंद्रकातील हिस्टोन प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मूत्रपिंडे मात्र क्वचितच बाधित होतात. ही दोन्ही औषधे टी-लसीका कोशिकांतील डीएनएचे मिथिलीकरण घटवितात व त्यामुळे त्या कोशिका स्वप्रतिजनांना प्रतिसाद देऊ लागतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. सिलिकायुक्त धुळीचाही ल्युपस व संधिवाताभ संधिशोथ यांच्याशी संबंध आढळला आहे. म्हणून ल्युपससदृश लक्षणे दिसताच रुग्णाची औषधे व व्यवसाय यांची चौकशी करणे हा निदानाचा आवश्यक भाग होय.