छापता न येणारी बातमी : खानदेश, पत्रकार आणि चांगदेव

प्रतिकूल गावात सापडलेला पत्रकार आणि त्याच्या कोंडीतून उद्भवणारा काळा विनोद या आशयसूत्राचा मराठीत विचार करताना अरुण साधू यांच्या 'सिंहासन' (१९७७) मधील दिगू टिपणीसचा निर्देश प्रथम करावा लागतो. परंतु दिगूचे गाव मुंबई आहे. सत्तेच्या इतक्या निकट वावरूनही महानगरात पत्रकार गर्दीत मिसळून जाऊ शकतो. जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी ही सोय नाही. खानदेशातून आलेल्या कादंबरीकाराने या स्थानी पत्रकाराऐवजी प्राध्यापक का उभा केला, हा प्रश्न म्हणूनच वाङ्मयेतिहासाचा ठरतो.

१९०६ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या या प्रदेशाला पत्रकारितेची परंपरा नव्हती असे नाही. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले. परकीय राज्य आणि शेतकरी-कामगारांचे शोषण हे तेथे लेखणीचे उघड प्रतिपक्ष होते. अशा लेखनाचा स्वर स्वाभाविकपणे गंभीर असतो.

त्याच वर्षी यावल तालुक्यातील सांगवी येथे जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या पिढीसमोर मात्र प्रतिपक्ष स्वकीय होता. 'बिढार' (१९७५) मधील चांगदेव पाटील मुंबईत लघुनियतकालिकांच्या वर्तुळात वावरतो. 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) मध्ये तो लहान शहरांतील महाविद्यालयांत शिकवतो. छापण्याच्या जगातून आलेला हा माणूस अशा ठिकाणी नोकरी धरतो, जेथे जात, पैसा आणि स्थानिक राजकारण शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीत एकत्र बसलेले असतात. त्याला सारे दिसते, पण छापता काहीच येत नाही. प्राध्यापकांच्या खोलीतील कुजबुज, अफवा, निनावी कागाळ्या हीच या गावांची खरी वार्तापत्रे होतात, आणि चतुष्टयातील विनोद त्यांतूनच निपजतो.

या कादंबऱ्यांतील गावे म्हणजे जळगाव किंवा धुळे असे समीकरण मांडणे अर्थातच अप्रस्तुत होय. इतिहासाभ्यासकाला त्यांतून घटनांचा पुरावा मिळत नाही. त्या काळी काय बोलता येत नव्हते, याचा मिळतो. 'सिंहासन' चित्रपटाच्या (१९७९) अखेरीस दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. चांगदेव शहाणा राहतो, आणि सामान बांधून पुढच्या गावाला निघतो. दोहोंपैकी अधिक काळोखा शेवट कोणता, याचा निर्णय आपल्या समीक्षेने अद्याप केलेला नाही.