चार दुकानं फिरून घेतलेला पार्ट

दादर-परळच्या मंडळींना आठवत असेल. काळी-पिवळी रस्त्यात बंद पडली की टॅक्सीवाला बॉनेट उघडायचा, कार्ब्युरेटर साफ करायचा आणि निघायचा. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. १९६४ ची फियाट डिलाईट, तीच पुढे पद्मिनी झाली. पार्ट ऑपेरा हाऊसला नवा मिळायचा, परवडला नाही तर चोर बाजारात जुना. चार दुकानं फिरून भाव करता यायचा.

२००० च्या सुमारास पद्मिनी बनणं बंद झालं. मग एका गाडीचे पार्ट काढून दुसरी चालवायची वेळ आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली.

आता दिव्याची काच फुटली तरी अख्खा दिवा बदला म्हणतात, तोही बऱ्याचदा कंपनीच्याच काउंटरवरून. पार्ट खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. म्हणजे तक्रार आपली एकट्याची नाही.

भाव विचारायला दुसरं दुकानच नसेल तर बिल वाढणारच. तुमच्या गल्लीतलं गॅरेज अजून चालू आहे का?