‘साठ विरुद्ध शून्य’
१४. साठ विरुद्ध शून्य : मॉरिशसच्या मुख्य बेटावर २० मतदारसंघ असून प्रत्येकातून तिघे निवडून येतात, मतदारही तीन मते देतो. त्यामुळे वारे फिरले की सगळ्याच जागा एका आघाडीच्या पदरात पडतात. जून १९८२ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या आघाडीने इथल्या साठही जागा जिंकल्या. स्वातंत्र्यापासून पंतप्रधान असलेले शिवसागर रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघातही पडले. त्यांच्या मजूर पक्षाला सभागृहात पाय ठेवता आला तो केवळ ‘बेस्ट लूझर’ पद्धतीमुळे. समाजगटांचा समतोल राखण्यासाठी तीत काही पराभूतांना जागा मिळतात. जेत्यांची एकी मात्र वर्षभरही टिकली नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. साठ विरुद्ध शून्य असा निकाल पुढे १९९५ आणि २०२४ मध्येही लागला. – संपा.