शाळिग्रामाच्या पोटात

लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, ‘‘शाळिग्राम फोडून बघू का?’’ मार तेवढा बसायचा राहिला!

नेपाळात काळी गंडकीच्या पात्रातले असे काळे गोटे फोडले, की आत चक्र सापडतं. ते अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्याच्या शंखाचं. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथं टेथिस समुद्र होता. तळच्या गाळात शंख पुरला गेला, भोवतीचा गाळ खनिजांनी लवकर घट्ट झाला, म्हणून तो चिरडला नाही. स्पितीतल्या अशाच जीवाश्मांवरचा व्हिक्टर ऊलिग यांचा ग्रंथ १९०३ ते १९१० या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं छापला.

आजोबांचा शाळिग्राम आता माझ्याकडे आहे. समुद्राची ती खूण मी अजून फोडलेली नाही. रोज तुळस मात्र वाहतो.