नवा रंग धरत नाही? आधी पोपडा उलटून पाहा

गणपती जवळ आले की ओसरीचा कठडा, खिडक्यांच्या झडपा आणि फाटक यांवर रंगाचा नवा हात फिरतो. शिमगा येईतो त्याच रंगाचे पोपडे सुटू लागतात. दोष डब्यातील रंगाला दिला जातो, अधिक महागडा रंग आणला जातो आणि तोही गळून पडतो. वस्तुत: दगा बहुधा रंग देत नाही, त्याच्याखालचा थर देतो.

रंग लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत व खरखरीत पृष्ठभागावर पकड घेतो. पूर्वी दिलेल्या तेलाने वा मेणाने ही छिद्रे भरलेली असतात. जुन्या वॉर्निशचा किंवा ऑइलपेंटचा थर काचेसारखा गुळगुळीत असतो. दोन्ही ठिकाणी नव्या रंगाला आधार मिळत नाही.

निदान कसे करावे?

सुटलेला पोपडा उलटून पाहावा. मागे लाकडाचे करडे तंतू चिकटलेले असतील, तर उन्हाने लाकडाचा वरचा थर मृत झाला आहे. पोपड्याची मागची बाजू स्वच्छ आणि खाली चकचकीत थर असेल, तर जुना रंग न घासताच नवा लावलेला आहे. पोपड्याबरोबर जुना रंगही निघून आला, तर तो जुना थरच सैल झाला आहे. फुगवट्याखाली ओल दिसली, तर पाणी मागून किंवा सांध्यातून येत आहे.

उघड्या लाकडावर पाण्याचे थेंब टाकावेत. ते मोत्यासारखे उभे राहिले, तर तेथे तेल वा मेण मुरलेले आहे. स्पिरिटचा कापूस घासल्यावर थर चिकट झाला, तर ते लाखेचे फ्रेंच पॉलिश होय.

उपाय

मेण व तेल प्रथम टर्पेंटाइनने, फडके वारंवार बदलत, पुसून काढावे. आधी पॉलिश पेपर मारल्यास ते अधिकच पसरते. फ्रेंच पॉलिश स्पिरिटने पूर्ण काढावे. करडे पडलेले लाकूड ८० व नंतर १२० नंबरच्या पेपरने ताजा रंग दिसेपर्यंत घासावे. घट्ट बसलेला ऑइलपेंट धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून, चकाकी जाईपर्यंत घासणे पुरेसे असते. सैल थर मात्र खरवडून काढलाच पाहिजे. सागवानात मूळचेच तेल असते. प्रायमरपूर्वी ते थिनरने पुसावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

डांबरतेल खोल मुरलेले लाकूड रंगवण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचे डाग रंगातून वर येतच राहतात. अशा लाकडाला गडद तेलच पुन्हा देणे शहाणपणाचे ठरते.

शिशाचा धोका

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. असा रंग कोरडा घासू नये वा जाळून काढू नये. वॉटर पेपर ओला करून वापरावा, धुळीसाठीचा चांगला मुखवटा लावावा, खाली प्लॅस्टिक अंथरून सर्व पोपडे गोळा करावेत. लहान मुले व गर्भवतींना तेथून दूर ठेवावे.

वेळ कोणती?

भर पावसाळ्यात लाकूड ओल शोषून घेते. त्यातील पाणी साधारण १५ टक्क्यांच्या आत आल्यावरच प्रायमर लावावा. म्हणून बाहेरच्या लाकडासाठी दिवाळीनंतरचा कोरडा काळ उत्तम. गणपतीसाठी घाई असेल, तर घरातील भिंती रंगवाव्यात आणि कठडा मागे ठेवावा. फळीच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वाधिक शिरते. तेथे प्रायमरचे दोन हात हवेत.

सर्व काम हाती घेण्यापूर्वी वीतभर जागा रंगवून आठवडाभर थांबावे. ब्लेडने फुलीसारखी चीर देऊन त्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. रंग पट्टीला चिकटून आला, तर तयारी अपुरी आहे. वीतभर रंग वाया गेला, तरी पुढचा सारा खर्च आणि रंगाखाली लपून कुजणारे लाकूड यांपासून घर वाचते.