तीन वाजताचा चहा

गेलं वर्षभर पहाटेचे तीन वाजलेले मला घड्याळ न बघता कळतात. मान घामाने भिजलेली, छातीत धडधड. पंखा पाचवर असूनही पांघरूण फेकून द्यावंसं वाटतं आणि पाच मिनिटांनी तेच पुन्हा ओढून घ्यावंसं वाटतं. शेजारी आमचे हे शांतपणे घोरत असतात. (त्यांच्या घोरण्याचा रात्री तीनला जितका राग येतो तितका दिवसा कधीच येत नाही!) माझं वय ४९. कारण शोधायला लांब जायला नको.

मध्यंतरी न्यू जर्सीची मावसबहीण आली होती. बदामांच्या पाकिटाबरोबर तिने एक बाटली हातात ठेवली. "घे गं, तिकडे सगळ्याजणी घेतात." लेबलवर लिहिलेलं - ब्लॅक कोहोश, मेलाटोनिन, मॅग्नेशियम. आता वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. वस्तू हातात आली की ती आली कुठून हे बघितल्याशिवाय राहवत नाही. झोप नव्हतीच, मग बसले वाचत.

तर ही ब्लॅक कोहोश म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या जंगलातली एक मुळी. तिथले मूळ रहिवासी ती पूर्वापार औषधात वापरत. तिला बाटलीत घालून घराघरांत पोचवलं ते लिडिया पिंकहॅम या बाईंनी. मॅसॅच्युसेट्समधलं लिन हे त्यांचं गाव. १८७३ च्या मंदीत नवऱ्याचा धंदा बुडाला. लिडियाबाई शेजारणींना स्वयंपाकघरात एक काढा करून द्यायच्या, तोच त्यांनी १८७५ पासून विकायला काढला. 'बायकांच्या सगळ्या तक्रारींवर' असा तो होता, म्हणजे पाळी जातानाच्या तक्रारीही त्यात आल्या. काढ्यात ब्लॅक कोहोशसोबत आणखी काही मुळ्या, आणि चक्क मेथीचे दाणे! शिवाय सुमारे १८ ते २० टक्के अल्कोहोल. लिडियाबाई स्वतः दारूबंदीच्या पुरस्कर्त्या होत्या, पण अल्कोहोल औषध टिकण्यासाठी घातलंय असं त्यांचं म्हणणं. रात्री दोन चमचे घेऊन बायकांना झोप का लागत असेल, ते सांगायला नको.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. जाहिरातीत लिहिलेलं असे की तुमचं दुखणं मिसेस पिंकहॅमना पत्राने कळवा, पत्र पुरुषाच्या हाती पडणार नाही. आणि बायकांनी ढिगाने पत्रं लिहिली. लिडियाबाई १८८३ साली वारल्या, तरी पत्रं येतच राहिली आणि कंपनीतल्या बायका त्यांच्या नावाने उत्तरं देतच राहिल्या. शेवटी १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल'ने त्यांच्या थडग्याचा फोटोच छापला. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण छापणं भाग पाडलं. तरीही खप संपला नाही. मला वाटतं, त्या बायका बाटलीबरोबर पत्राच्या उत्तराचेही पैसे मोजत होत्या. घरात कुणी विचारत नव्हतं, डॉक्टर 'होतं असं' म्हणून वाटेला लावत होते. निदान कुणीतरी 'तुमचं पत्र वाचलं' असं म्हणत होतं.

नंतर काढ्याची जागा हार्मोनच्या गोळीने घेतली. १९२९ मध्ये इस्ट्रोन हे हार्मोन वेगळं काढता आलं आणि १९४२ मध्ये अमेरिकेत प्रेमारिन बाजारात आलं. ते गाभण घोडीच्या मूत्रापासून करतात. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून जाहीर केलं की रजोनिवृत्ती हा कमतरतेचा आजार आहे आणि गोळ्या घेतल्या तर बाई कायम 'बाई' राहील. (यावर मी काही बोलत नाही.) गोळ्यांचा खप उसळला. १९७५ मध्ये कळलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं औषध आलं. मग २००२ च्या जुलैमध्ये १६,६०८ बायकांवरची मोठी अमेरिकन चाचणी मध्येच थांबवली गेली. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ जास्त केसेस दिसल्या होत्या. जगभरच्या बायकांनी घाबरून गोळ्या टाकून दिल्या. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे बातमीत मागे राहिलं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात केली तर हिशेब वेगळा निघतो, हे पुढे स्पष्ट होत गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकन सरकारने गोळ्यांवरचा तो ठळक इशारा बहुतांशी काढायचं जाहीर केलं.

आणि मेलाटोनिन? ते १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने शोधलं, तेही गाईबैलांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथींमधून. ते शोधत होते कातडीच्या रंगावरचं काहीतरी! १९९४ च्या अमेरिकन कायद्याने अशा वस्तू 'पूरक आहार' ठरल्या, म्हणजे विकण्याआधी उपयोग सिद्ध करायची गरज उरली नाही. २०१७ मध्ये कॅनडात मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा एकात लेबलपेक्षा ८३ टक्के कमी आणि एकात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. ब्लॅक कोहोशबद्दल २०१२ मध्ये १६ चाचण्या एकत्र पाहिल्या, तरी ठाम पुरावा सापडला नाही. दीडशे वर्षांनी तीच मुळी, तशीच बाटली. फक्त पत्राला उत्तर देणारं आता कुणी नाही.

आपल्याकडे काय होतं, हा प्रश्न मग आलाच. सुश्रुताने पाळी बाराव्या वर्षी येते आणि पन्नाशीला जाते असं नोंदवून ठेवलंय. चरकाने झोपेला आहाराच्या बरोबरीने शरीराचा खांब मानलंय आणि झोप न येणाऱ्याला म्हशीचं दूध सांगितलंय. पण घरात? मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, सगळे बाळंतिणीसाठी. पाळी जाणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे एकही लाडू नाही. "सुटलीस बाई एकदाची" एवढं एक वाक्य आहे.

रविवारी आईकडे गेले होते. ती आता ८१ ची आहे. मी शेंडेफळ, त्यामुळे मी दहावीला होते तेव्हा ती ४७ ची असेल. आमच्या घरात एक गोष्ट अजून सांगितली जाते, की दहावीच्या वर्षी आई रोज रात्री तीनला उठून माझ्यासाठी चहा करायची, म्हणून मला बोर्डात इतके मार्क मिळाले. भाऊ, वहिनी, मावश्या सगळ्यांना ती पाठ आहे. माझ्या लग्नातही ती सांगून झाली.

मी माझ्या तीन वाजण्याबद्दल सांगितलं, तर आई निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "मग मी काय तुझ्यासाठी उठत होते होय? मला झोपच यायची नाही. अंगाची नुसती आग. अंधारात एकटीने बसवेना, तर म्हटलं हिला उठवावं, चहा तरी होईल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? आणि काय म्हणून सांगू?"

मला हसूही आलं आणि घशात काहीतरी अडकलंही. पस्तीसेक वर्षं आम्ही तिच्या जागरणाचं कौतुक केलं आणि ती का जागी आहे हे एकाही माणसाने विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर समोर बसून चहा पीत होते.

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग बारीकशा फरकानेही दचकतो आणि प्रोजेस्टेरॉन कमी झालं की मेंदूला शांत करणारा हातही सैल पडतो, असं त्यांनी समजावलं. थायरॉईड आणि रक्त तपासलं. हार्मोनच्या गोळीचा विचार माझा आणि घराण्याचा इतिहास बघून करू म्हणाल्या. तोवर निद्रानाशावरची वर्तणूक-उपचारपद्धती सुरू करायला सांगितली. म्हणजे उठायची वेळ रोज एकच, झोप नसेल तर अंथरुणात लोळायचं नाही, दुपारनंतर चहा बंद. गोळ्या सोडून पहिली पसंती तिलाच, असं अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय. बाटलीचं विचारलं, तर "यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, राहू दे" म्हणाल्या. मग ती कपाटात राहिली. मावसबहीण हे वाचणार आहेच, तर तिला सांगते, बदाम मात्र संपले!

झोप अजून पूर्ण परतली नाहीये. चारातल्या एखाद्या रात्री लागते सलग. परवा तीनला उठून दिवाणखान्यात बसले होते, तर मुलगी पाणी प्यायला आली. "आई, एवढ्या रात्री काय करतेयस?" तोंडावर आलं होतं, काही नाही गं, तू झोप. पण मग खरं काय ते सगळं सांगितलं. ती शेजारी बसून राहिली, मोबाईलसुद्धा न काढता.

असो. तुमच्याही घरात आईच्या पहाटे उठण्याची एखादी गोष्ट असेल. एकदा तिला विचारून बघा.